साकव गेला की पक्का पूल व्हायला एवढी वर्षं का लागतात? नेमकं अडतं कुठे?

व्हाळाकाठचा

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणा एकावर रोख धरायचा नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

आमच्या वाड्याला मोठ्या रस्त्याशी जोडणारा एकच साकव, म्हणजे व्हाळावरचा (ओढ्यावरचा) छोटा पूल होता, जीप जाईल एवढा. २३ जुलै २०२१ ला म्हादई नदीला तो मोठा पूर आला तेव्हा त्याला तडा गेला होता, वरनं सिमेंट भरून चालू ठेवला. मग दोन वर्षांमागे जुलैत एका रात्रीत गेला. पहाटे आवाज ऐकून आम्ही बॅटऱ्या घेऊन धावलो तर अलीकडचा अर्धा स्लॅब पाण्यात आडवा, पलीकडची भिंत तशीच उभी, आणि मधे नुसतं तांबडं पाणी. पोफळीचे ओंडके त्या स्लॅबवर येऊन धडधड आपटत होते, तो आवाज अजून कानात आहे.

पहिल्या दोन दिवसांत सगळे येऊन गेले. पंच, सरपंच, आमदारांची माणसं, इंजिनियर, फोटो झाले, टेप लावून मोजमाप झालं. आठ दिवसांत मोठे पाइप टाकून वर खडी माती घालून वाट केली, ते काम झटपट झालं आणि मनापासून केलं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पुढे काय? दोन पावसाळे झाले, दर वर्षी ती माती वाहून जाते, दर वर्षी परत घालतात. पाऊस जोराचा असला की बालरथ म्हणजे शाळेची बस अलीकडेच थांबते आणि पोरं घरी बसतात. माझ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, गेल्या ऑगस्टात तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उचलून पलीकडे नेलं, पाणी मांडीपर्यंत होतं आणि पाइपावरची माती पायाखालून सरकत होती. ती सबंध वेळ डोळे मिटून होती.

विचारायला गेलं की उत्तर एकच, प्रोसेसमधे आहे. माणसं वाईट नाहीत, बोलतात नीट, चहा पण देतात, पण प्रोसेसमधे म्हणजे नक्की कुठल्या टेबलावर हे कुणी सांगत नाही. इथे कुणी खात्यात काम केलेलं असेल किंवा अशातून गेलेलं असेल तर सांगा, वेळ नेमका जातो कुठे आणि आम्ही वाड्यावरच्यांनी काय केलं तर फरक पडेल?

बेतीचा काका

बाबा, तुझ्या आईचं वाचून वाईट वाटलं. मी ५ जुलै १९८६ बघितलाय, मांडवीवरचा नेहरू पूल पडला तो दिवस. तेव्हा मी पणजीत नोकरीला होतो, घर नदीपलीकडे बेतीला. पूल १५-१६ वर्षांचाच होता. नंतर नवा पूल सुरू झाला १९९२ ला. मधली सगळी वर्षं आम्ही फेरीबोटीच्या रांगेत काढली, पावसात छत्री उलटी होते आहे, बायकांच्या कडेवर पोरं, आजारी माणूस असला तर रांगेतले लोकच पुढे सोडायचे. राजधानीच्या तोंडावरचा पूल आणि सहा वर्षं! तेव्हापासून माझं मत झालंय की आपल्याकडे संकटाच्या पहिल्या आठवड्यात जो जीव असतो तो महिनाभरानं उरत नाही, लोक सवय करून घेतात आणि लोकांना सवय झाली की वरच्यांची घाई संपते. तुम्ही सवय करून घेऊ नका एवढंच सांगेन.

जुना साइटवाला

सरकारी बांधकामात ३० वर्षं काढली, आता घरी असतो, म्हणून मोकळेपणानं लिहितो, थोडं लांबेल.

तुमच्या साकवासारखं काम, म्हणजे १०-१२ मीटरचा एक गाळा (दोन आधारांमधलं अंतर), प्रत्यक्ष बांधायला चार-पाच महिने पुरतात. वेळ जातो तो त्याच्या आधी. स्थळपाहणी, मग खाली खडक किती खोल आहे त्याची तपासणी, डिझाइन, एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, मग एए-ईएस म्हणजे प्रशासकीय मंजुरी आणि खर्चाची मंजुरी, त्यात फाइल वित्त खात्याकडे जाऊन परत येते, मग ई-टेंडर, टेंडरला कुणी आलंच नाही तर परत टेंडर, मग वर्क ऑर्डर. ह्यातली एकही पायरी फालतू नाही, लोकांचा पैसा आहे, हिशोब पाहिजेच. पण प्रत्येक पायरी मागची संपल्यावरच सुरू होते, आणि दोन पायऱ्यांच्या मधे फाइल किती दिवस नुसती पडून होती हे कुणी मोजत नाही.

आता आपल्याकडची खरी गोम सांगतो. गोव्यात व्हाळात उतरून पाया खणायचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते मे, बस्स. साकव जुलैत गेला तर ऑक्टोबरपर्यंत एस्टिमेट तयार पाहिजे आणि डिसेंबरात वर्क ऑर्डर हातात पाहिजे, तर मेच्या आत स्लॅब पडतो. वर्क ऑर्डर मार्चात निघाली तर शहाणा ठेकेदार पाया उघडतच नाही, कारण पाया उघडा असताना पाऊस धरला तर खड्डा भरतो, शटरिंग जातं, सळ्या गंजतात. म्हणजे कागदावर झालेला दोन महिन्यांचा उशीर जमिनीवर एका वर्षाचा होतो. मी हे इतक्या वेळा डोळ्यांनी बघितलंय की मला त्याचा अजून त्रास होतो.

२०२१ चंच घ्या. पूर जुलैच्या शेवटी. पुढच्या ८ जानेवारीला विधानसभेची आचारसंहिता लागली, मतदान १४ फेब्रुवारीला, निकाल १० मार्चला. सुरू झालेलं काम आचारसंहितेत थांबत नाही आणि आपत्तीच्या कामाला निवडणूक आयोगाची परवानगी मागता येते, पण जे टेंडर ७ जानेवारीपर्यंत निघालं नाही त्याचं काय झालं असेल ते समजून घ्या. मार्च संपता संपता नवं सरकार बसलं आणि मोसम हातातनं गेला.

दुसरं, पैशाचं. पूर आला की लगेच जो पैसा निघतो तो बहुतेक राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला, त्यात ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. त्याचे निकष तातडीच्या दुरुस्तीपुरते असतात. पाइप आणि माती त्यात बसते. नवा उंच पूल बसत नाही, तो खात्याच्या बजेटात शोधावा लागतो आणि तिथे त्याच्या आधी इतर पन्नास कामं रांगेत असतात. म्हणून पहिले आठ दिवस सरकार धावताना दिसतं आणि नंतर सगळं थंड होतं, माणसं तीच असतात, पैशाची पिशवी बदललेली असते. १५व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी आपत्तीच्या निधीत ३० टक्के वाटा खास पुनर्बांधणीसाठी ठेवला ही फार चांगली गोष्ट केली, पण त्यातला पैसा हवा तर नुकसानीचं रीतसर मूल्यमापन करून मागणी करावी लागते, नुसत्या फोटोवर तो निघत नाही.

आणि तिसरं, हे लक्ष देऊन वाचा. घाईत जुन्याच मापाचा साकव परत मागू नका. तुम्ही लिहिलंय पोफळीचे ओंडके येऊन आपटत होते. कमी उंचीच्या साकवाला किंवा पाइपाला ओंडके, झावळ्या अडकतात, धरणासारखं पाणी तुंबतं आणि मग ते बाजूनं वाट काढतं. माझ्या अनुभवात पूल स्वतः कमी वेळा पडतो, त्याच्या दोन्ही टोकांची माती आधी धुपते आणि खालून पाया उघडा पडतो. उंची पुराच्या सर्वात वरच्या रेषेच्या वर पाहिजे, आणि मधे खांब नको, एकच गाळा.

दूरचा डिचोलीकर

साइटवाल्या काकांनी फार छान समजावलं. पण मला वाटतं आपण "प्रोसेस आहे, काय करणार" असं म्हणून सोडून देतो तेही बरोबर नाही. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. ११ जून २०२३ ला इथे आय-९५ हायवेवर पुलाखाली टँकर पेटला आणि वरचा पूल कोसळला. रोज लाखावर गाड्या जाणारा रस्ता. सगळे म्हणत होते महिने लागतील. २३ जूनला रस्ता सुरू. १२ दिवस! गव्हर्नर शापिरो यांनी आपत्ती जाहीर करून खरेदीचे नेहमीचे नियम तेवढ्यापुरते बाजूला ठेवले, कामगार रात्रंदिवस, आणि कामाचं थेट चित्रण चोवीस तास सुरू, कुणीही घरबसल्या बघावं. मी स्वतः रात्री जेवताना ते लावून बसायचो, माझी मुलगी तर त्या रोलरवाल्याला ओळखायला लागली होती.

आणि त्यांनी केलं काय, पडलेल्या भागात काचेपासून बनवलेली हलकी खडी भरून वर डांबर टाकून मधल्या लेन चालू केल्या आणि कायमचा पूल बाजूनं बांधायला घेतला. म्हणजे तात्पुरतं आणि कायमचं एकाच वेळी सुरू. आपल्याकडे तात्पुरतं झालं की कायमचं झोपतं, फरक तिथे आहे.

आपल्याकडे जमत नाही असंही नाही. महाडचा सावित्रीवरचा पूल आठवतो ना, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. मुंबई-गोवा रस्ता असल्यानं आपल्यातले कितीतरी जण त्या पुलावरून नेहमी जायचे. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला सुरू झाला.

जुना साइटवाला

डिचोलीकर, सावित्रीचा दाखला चांगला दिलात, पण तारखा जरा बोटावर मोजून बघा. ५ जूनपासून १६५ दिवस मागे गेलं की डिसेंबरचा शेवटचा आठवडा येतो. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर कागद आणि तयारी, डिसेंबर ते जून काम, पावसाच्या तोंडावर पूल तयार. मी वर जो हिशोब मांडला तोच हा. शेजारी दुसरा पूल होता म्हणून वाहतूक चालली हे खरं, पण तरी त्यांनी मोसम चुकवला नाही. राष्ट्रीय महामार्ग होता, साऱ्या देशाचं लक्ष होतं. वाड्यावरच्या साकवाकडे तेवढं लक्ष कुणाचं नसतं, तिथे लक्ष वाड्यानंच ठेवावं लागतं.

लाइनमनचो पूत

माझे बाबा वीज खात्यात लाइनमन होते म्हणून एक सांगतो. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, झाडं पडून किती खांब मोडले, तारा तुटल्या, आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, पंप बंद म्हणून नळालाही पाणी नाही. लोक वैतागले होते. पण बघा, दिवसांत काम झालं, वर्षांत नाही. का? कारण खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर स्टोअरमधे आधीच घेऊन ठेवलेले असतात, माणसं ठरलेली असतात, वादळ आल्यावर कुणी खांबाचं टेंडर काढत बसत नाही. बाबा त्या वेळी रिटायर झालेले तरी पोरांना फोनवरून सांगत होते कुठल्या फीडरला कुठून पुरवठा देता येईल.

साकवाचं पण तसं का करता येऊ नये? वायनाडला चूरलमला इथे ३० जुलै २०२४ ला दरड आली आणि १ ऑगस्टला संध्याकाळी लष्करानं १९० फुटांचा बेली ब्रिज उभा केला, २४ टन वजन पेलणारा, आपल्या नगरच्या मेजर सीता शेळके तिथे कामावर होत्या. लोखंडी भाग तयार होते, जोडायची माणसं शिकलेली होती म्हणून झालं. प्रत्येक तालुक्याला एक-दोन लहान सेट स्टोअरमधे ठेवले, पावसाळ्याआधी जोडायची प्रॅक्टिस केली, तर कुणाच्या आईला खुर्चीत बसवून न्यावं लागणार नाही. ह्याला फार मोठा खर्च नाही असं मला वाटतं, चुकत असेन तर काकांनी सांगावं.

जुना साइटवाला

चुकत नाहीस रे बाळा. लहान गाळ्यांसाठी कारखान्यात बनवलेले काँक्रीटचे बॉक्सही मिळतात, क्रेननं आणून बसवायचे. त्याची मापं आणि डिझाइन आधी मंजूर करून ठेवली तर डिझाइनचे महिने वाचतात. नोकरीत असताना असं सुचवून बघितलं होतं, जमलं नाही, पण गोष्ट करण्यासारखी आहे.

काणकोणची बाय

मी काणकोणची. २ ऑक्टोबर २००९, गांधी जयंती, आमच्याकडे तो पूर आला तेव्हा मी नववीत होते. पावसाळा संपला म्हणून भात कापायच्या गडबडीत होतो आणि काही तासांत डोंगरावरून पाणी आणि चिखल आला. आमचं मातीचं घर, मागची भिंत बसली. आम्ही मावशीकडे गेलो आणि तेवढ्यात पंचनामा करणारे येऊन गेले, घरात कुणी नाही म्हणून आमचं नाव पहिल्या यादीत राहिलंच. ते घालून घ्यायला बाबांना किती फेऱ्या झाल्या मला माहीत आहे, दर वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून माझं सांगणं, पंचनाम्याची प्रत मागून घ्या, आपलं नाव, आपला साकव, त्याचं माप त्यात आहे का स्वतः वाचा.

आणि एक. पाणी उतरल्यावर आमच्या ओसरीच्या भिंतीवर चिखलाची सरळ रेघ राहिली होती. आई फडकं घेऊन पुसायला गेली तर बाबांनी थांबवलं आणि खिळ्यानं त्या रेषेवर खूण कोरली, खाली तारीख. आईला तेव्हा राग आला, घर पडलंय आणि हा माणूस भिंतीवर कोरतोय म्हणून. पुढे वहाळावरच्या पुलाची उंची ठरवायला सर्व्हेवाले आले तेव्हा त्यांनी तीच खूण धरून माप घेतलं. आता घर नवीन आहे पण तो भिंतीचा तुकडा बाबांनी ठेवलाय.

जुना साइटवाला

बाय, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. पुराची वरची रेषा शोधायला आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरायचो.

व्हाळाकाठचा, तुम्ही आता हे करा. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "काम कधी होणार" असं विचारू नका, त्याला "प्रक्रिया सुरू आहे" हेच उत्तर येतं. असं विचारा की फाइल कुठल्या तारखेला कुठल्या टेबलावर आली आणि कुठल्या तारखेला पुढे गेली, शेरे काय मारले, त्या नोटशीटच्या प्रती द्या. आणि ग्रामसभेत ठराव घ्या. आपल्या पंचायत कायद्यात जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात रविवारी साधारण ग्रामसभा असते, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला खास सभा. ठरावात नुसतं पूल पाहिजे असं नको, वर्क ऑर्डर डिसेंबरच्या आत पाहिजे असं महिन्यासकट लिहा.

व्हाळाकाठचा

दीड महिन्यानं परत लिहितोय, सगळ्यांचे आभार मानायचे राहून गेले होते.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं, १४ पानं. मी आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा, आम्ही दोघांनी ओसरीवर बसून तारखा लावल्या. एस्टिमेट साकव पडल्यापासून तीन महिन्यांत झालं होतं, म्हणजे तिथे उशीर नव्हताच, मी उगीच त्या इंजिनियरवर मनात राग धरून होतो. पुढे फाइल एका टेबलावर आली आणि तिथे सात महिने तशीच. शेरा होता, पुलाच्या पलीकडच्या टोकाला थोडी खासगी जमीन लागते, मालकाचा ना-हरकत दाखला नाही. सत्तरीत जमिनीचे प्रश्न किती गुंतागुंतीचे आहेत, आल्वारा, मोकासो अशा जुन्या काळात दिलेल्या जमिनी, सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मला वाटलं झालं, संपलं. पण नकाशा उघडून बघितला तर ती जमीन आमच्या वाड्यावरच्याच एका आजोबांच्या कुळागराचा कोपरा, चार पोफळी आणि एक फणस. कागद त्यांच्या नावावर स्वच्छ आहेत. आम्ही रोज त्यांच्या समोरून जातो येतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, मला कुणी विचारायलाच आलं नाही रे, मी पण त्याच वाटेनं जातो ना. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते आमच्याबरोबर आले आणि सही करून दिली. परत येताना फणसाचं तेवढं वाईट वाटतं म्हणाले, त्यांच्या आईनं लावलेला आहे. आम्ही वाड्यावरच्या पोरांनी ठरवलंय, टोकाचं वळण दोन मीटर सरकवून फणस वाचतो का ते विचारायचं.

बायनं सांगितलेली खूण पण शोधली. २०२१ चं पाणी देवळाच्या दुसऱ्या पायरीवर होतं असं सगळे म्हणतात, पण साकव गेला त्या रात्री तिसऱ्या पायरीला लागलं होतं, पुजाऱ्यांनी समई उचलून आत नेली म्हणून त्यांना पक्कं आठवतं. तिथे छिन्नीनं खूण केलीय. तिथून साकवाच्या जागेपर्यंत पाण्याच्या पाइपानं लेव्हल काढली तर जुना स्लॅब त्या पाण्याच्या जवळजवळ हातभर खाली येत होता.

२ ऑक्टोबरच्या सभेत ठराव ठेवतोय, नकाशा, ना-हरकत आणि पायरीचा फोटो जोडून.

जुना साइटवाला

ना-हरकतीची प्रत दिलीत तेव्हा आवक क्रमांक घेतलात ना? नसेल तर उद्याच जाऊन शिक्का मारून घ्या. फणसाचं आत्ताच लेखी द्या, टेंडर निघाल्यावर वळण बदलायचं म्हटलं तर फाइल परत मागे जाते. आणि सभेला पुजाऱ्यांना घेऊन जा.

व्हाळाकाठचा

क्रमांक घेतलाय काका. फणसाचा अर्ज आज रात्री लिहितो, टाकायच्या आधी इथे वाचायला टाकतो, एकदा बघून सांगा.